पेटीचे अंतरंग

विदर्भातील खेड्यांत भजनाची परंपरा फार जुनी आहे. यवतमाळ जिल्ह्यातील महागाव तालुक्यात फुलसावंगी नावाचे गाव आहे. त्या भागातील कोणत्याही भजनी मंडळाकडे पाहा. टाळ, मृदंग आणि खंजिरी यांच्या शेजारी एक लाकडी पेटी ठेवलेली दिसते. बुवांनी अभंग उचलला की पेटीवाला डाव्या हाताने भाता हलवितो, उजव्या हाताची बोटे काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवरून फिरवितो आणि गाणाऱ्यांच्या आवाजाला स्वरांचा आधार मिळतो. शाळेतील प्रार्थना असो, कीर्तन असो किंवा नाट्यगीत असो, पेटीवाचून आपले भागत नाही. हे वाद्य आपल्या इतके अंगवळणी पडले आहे, की ते परक्या देशातून आले असेल अशी शंकाही कोणास येत नाही.

परंतु मुलांनो, ही पेटी मूळची आपली नव्हे. ती दूर युरोपात जन्मली, समुद्र ओलांडून येथे आली आणि येथे आल्यावर तिने आपले रूप बदलले. पुढे ती इतकी लोकप्रिय झाली, की तिच्यावरून मोठा वाद माजला आणि देशाच्या नभोवाणीने तिला तीस वर्षांहून अधिक काळ दाराबाहेर ठेवले. असे का झाले असावे? या प्रश्नाचे उत्तर पेटीच्या पोटात दडलेले आहे. म्हणून आज आपण तिचे झाकण उघडून आत डोकावणार आहोत.

चौकोनी पियानो

पेटीची हकीकत समजण्यासाठी प्रथम तिच्या एका वडीलधाऱ्या नातलगाची ओळख करून घेतली पाहिजे. तो नातलग म्हणजे पियानो. सुमारे 1700 साली इटलीत क्रिस्तोफोरी नावाच्या कारागिराने पियानो तयार केला. पट्टी दाबली की आत एक लहानशी हातोडी उडते, ती तारेवर आघात करून लगेच मागे सरते आणि तार झंकारत राहते, अशी त्याची रचना होती. बोट हळू टेकले तर स्वर हळू आणि जोराने आपटले तर स्वर मोठा, हे त्या वाद्याचे वैशिष्ट्य होते.

हे वाद्य आकाराने मोठे आणि किमतीने भारी होते. ते सामान्य माणसाच्या घरात कसे मावावे? ही अडचण दूर करण्यात जर्मन कारागिरांचा वाटा मोठा आहे. योहानेस झुंपे हा त्यांपैकीच एक. तो जर्मनीतून लंडनला गेला आणि तेथे त्याने मेजासारखे लांबट चौकोनी पियानो बनविले. त्याने 1766 साली बनविलेले असे पियानो आजही जतन केलेले आहेत. या पियानोच्या तारा वाजविणाऱ्याच्या समोर उभ्या न पसरता डावीकडून उजवीकडे आडव्या ताणलेल्या असत. पट्ट्या लांब बाजूला बसविलेल्या असत. तारांचा ताण पेलण्यासाठी तळाशी जाड लाकूड घातलेले असे. तारांखाली पातळ लाकडाची एक फळी असे. तार स्वतः फारच क्षीण बोलते, पण तिचे कंपन या फळीत उतरले की फळी आसपासची हवा हलविते आणि स्वर खोलीभर पसरतो. हातोड्यांच्या डोक्यांना मऊ कातडे लावलेले असे. झाकण मिटले, की पियानोचे मेज होई! मध्यम स्थितीतील कुटुंबांना हे वाद्य फार सोईचे वाटले आणि जवळजवळ शंभर वर्षे ते घरोघर नांदले.

तथापि लोकांना अधिकाधिक मोठा आवाज हवासा वाटू लागला. त्यासाठी तारा जाड झाल्या आणि त्यांचा ताण वाढला. आजच्या मोठ्या पियानोत दोनशेहून अधिक तारा असतात आणि त्या सर्वांचा मिळून ताण पंधरा ते वीस टनांच्या घरात जातो. इतका भार लाकूड एकटे कसे पेलणार? म्हणून पियानोत ओतीव लोखंडी चौकट आली. पुढे भिंतीला टेकून उभा राहणारा पियानो निघाला. तो जागा कमी अडवी आणि आवाज अधिक देई. एकोणिसावे शतक संपता संपता चौकोनी पियानो मागे पडला. आज तो संग्रहालयांत आणि जुन्या वस्तूंच्या शौकिनांच्या घरी पाहावयास मिळतो.

युरोपीय लोकांबरोबर पियानो हिंदुस्थानातही आला. मुंबईत आणि गोव्यातील काही घरांत तो रुळला. पण खेड्यापाड्यांत तो जाऊ शकला नाही. आपल्याकडील पावसाळ्यात लाकूड ओल धरून फुगते आणि वैशाखाच्या उन्हात ते आक्रसून तडकते. लाकूड हलले की तारांचा ताण बदलतो आणि ताण बदलला की सूर उतरतो. तो पुन्हा चढवावयास जाणता माणूस हवा. तो मोठ्या शहरावाचून कोठे मिळणार? शिवाय पियानो वाजवावयाचा तो खुर्चीवर बसून. आपली बैठक तर सतरंजीवरची. तेव्हा ज्या वाद्याला तार नाही, जे हवापाण्याने सहसा बिघडत नाही आणि जे काखोटीला मारून नेता येते, अशा वाद्याची आपल्याकडे वाटच पाहिली जात होती असे म्हटले तरी चालेल.

तारेऐवजी वारा

असे वाद्य युरोपात तयार होतच होते. पितळेच्या पातळ जिभलीवरून वारा सोडला तर ती थरथरते आणि स्वर देते, ही गोष्ट चीनमधील लोकांना फार प्राचीन काळापासून ठाऊक होती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनी, ऑस्ट्रिया आणि फ्रान्स या देशांतील कारागीर या जिभल्यांना पियानोसारख्या पट्ट्या जोडण्याच्या खटपटीला लागले. 1842 साली पॅरिसच्या अलेक्झांद्र दब्याँ याने अशा एका वाद्याचे हक्क नोंदविले आणि त्याला 'हार्मोनियम' हे नाव दिले. तो हार्मोनियम चांगला कमरेइतका उंच असे. वादक खुर्चीवर बसून दोन्ही पायांनी भाता चालवी आणि दोन्ही हातांनी वाजवी.

मिशनरी आणि व्यापारी यांच्याबरोबर हे वाद्य कलकत्त्याला व मुंबईला पोचले. येथील कारागिरांनी ते न्याहाळले आणि आपल्या गरजेप्रमाणे त्याची काटछाट केली. कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत हाताने भाता हलविण्याचा हार्मोनियम प्रचारात आणला. पाय गेले, उंची गेली. भाता मागील बाजूस आला. वाद्य मांडीपुढे ठेवण्याजोगे झाले. आता एकच हात वाजविण्यास मोकळा राहिला हे खरे. पण आपल्या संगीतात एका वेळी एकच स्वर चालतो. पाश्चात्त्यांप्रमाणे अनेक स्वरांचे गुच्छ आपणांस वाजवावयाचे नसतात. म्हणून एक हात पुरेसा झाला. परक्या वस्तूची नुसती नक्कल न करता तिला आपल्या बैठकीला साजेसे रूप देणे, यातच त्या कारागिरांची बुद्धिमत्ता दिसून येते. मराठी माणसाने तर तिचे लांबलचक नावही टाकले आणि तिला साधे 'पेटी' म्हटले.

वाऱ्याचा प्रवास

आता पेटी उघडू या. तिचे अंग बहुधा सागवानी लाकडाचे असते. यवतमाळच्या जंगलांत वाढणारा साग तुम्ही पाहिला असेल. तो मुरलेला असला म्हणजे सहसा वाकत नाही, फुगत नाही आणि त्याला कीडही लवकर लागत नाही. म्हणून पेटीचे कारागीर त्याला पसंती देतात. लाकूड कच्चे असेल तर पहिल्याच पावसाळ्यात सांधे फुगतात, पट्ट्या अडकतात आणि फटींतून वारा निसटू लागतो.

मागील बाजूस घड्यांचा भाता असतो. तो उघडला की बाहेरची हवा आत शिरते. मिटला की ती हवा एका झडपेतून पेटीच्या तळाशी असलेल्या दुसऱ्या भात्यात ढकलली जाते. झडप एकाच दिशेने उघडते, म्हणून आत गेलेली हवा परत फिरत नाही. हा आतला भाता आपणांस बाहेरून दिसत नाही, परंतु त्याचे काम फार महत्त्वाचे आहे. त्याला स्प्रिंगा लावलेल्या असतात. त्या स्प्रिंगा हवेला सारख्या नेटाने दाबून धरतात. वादकाचा हात थांबला, उलटला किंवा कमी-अधिक झाला तरी आतील साठ्यामुळे स्वर तुटत नाही. गावाच्या टाकीत पाणी साठविले की नळाला ते सारख्या वेगाने येते, तसाच हा प्रकार आहे.

आतल्या भात्याच्या वर एक फळी असते. तिला ओळीने भोके पाडलेली असतात आणि प्रत्येक भोकाखाली एकेक पितळी सूर बसविलेला असतो. भोकाच्या वरच्या तोंडावर मऊ नमदा आणि कातडे लावलेली एक झडप घट्ट बसलेली असते. ही झडप पट्टीच्या मागील टोकाला जोडलेली असते. आपण पट्टीचे पुढचे टोक दाबले की तराजूच्या दांडीप्रमाणे मागचे टोक उचलले जाते, झडप उघडते आणि कोंडलेला वारा सुराला हलवीत भोकातून बाहेर धावतो. बोट उचलले की तारेची स्प्रिंग झडपेला पुन्हा जागेवर बसविते आणि स्वर थांबतो. पुढच्या बाजूस ज्या खुंट्या दिसतात, त्या ओढल्या म्हणजे सुरांच्या ओळींकडे जाणारे वाऱ्याचे मार्ग खुले होतात.

एका सप्तकात सात पांढऱ्या आणि पाच काळ्या, अशा बारा पट्ट्या असतात. साडेतीन सप्तकांच्या पेटीत 42 पट्ट्या होतात. प्रत्येक पट्टीला दोन सूर असले, तर आत 84 सूर आणि 42 झडपा बसवाव्या लागतात. त्यांतील एकही झडप नीट मिटली नाही तर न दाबता स्वर बोलू लागतो आणि साऱ्या गाण्याचा विरस होतो. यावरून कारागिराला किती नेटके काम करावे लागते, याची कल्पना तुम्हांस येईल.

सुराचे रहस्य

पेटीतील पितळी जिभलीलाच आपल्याकडे 'सूर' म्हणतात. एका पितळी पट्टीला लांबट फट पाडलेली असते. त्या फटीवर पितळेची पातळ जिभली एका टोकाला पक्की ठोकलेली असते. दुसरे टोक मोकळे असते. वारा आला की ती फटीतून खालीवर हलू लागते. ती एका सेकंदात जितक्या वेळा हलेल, तितकी त्या स्वराची कंपनसंख्या.

हे तुम्हांला घरीही पाहता येईल. एक लोखंडी फूटपट्टी मेजाच्या कडेवर घट्ट दाबून धरा आणि तिचे बाहेर आलेले टोक छेडा. बराच भाग बाहेर असेल तर ती संथपणे हलेल. बाहेरचा भाग थोडा ठेवला तर ती भराभर हलेल आणि तिचा आवाज चढेल. पेटीतही असेच असते. खर्जाचे सूर लांब असतात, तार सप्तकाचे अगदी आखूड.

सूर जुळविणे हे मात्र मोठ्या कसबाचे काम आहे. जिभलीच्या मोकळ्या टोकावरून कानस फिरविली तर टोक हलके होते, जिभली वेगाने हलते आणि सूर चढतो. बुंध्याशी कानस फिरविली तर तेथील ताठपणा कमी होतो आणि सूर उतरतो. एकदा घासलेले पितळ पुन्हा चिकटविता येत नाही. म्हणून कारागीर एकदोन हलके हात मारतो, सूर जागेवर बसवितो, ऐकतो आणि पुन्हा काढतो. दोन सूर एकत्र वाजविले असता त्यांत किंचित फरक असेल तर आवाजात लाटा उठतात. फरक कमी होत गेला की लाटा संथ होतात आणि दोन्ही सूर एक झाले की त्या थांबतात. त्या लाटा ऐकण्यासाठी कान तयार असावा लागतो.

पूर्वी हे सूर जर्मनी आणि फ्रान्स या देशांतून येत. 'जर्मन सुरांची पेटी' आपल्याजवळ आहे, हे जुने वादक अभिमानाने सांगत. पुढे गुजरातमधील पालिताणा येथे सूर बनविण्याचा धंदा वाढला आणि पालिताण्याचे सूर देशभर जाऊ लागले.

रंगभूमीवर मान

महाराष्ट्रात पेटीला मोठा मान मिळाला तो संगीत नाटकामुळे. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या 'संगीत शाकुंतल' नाटकाचा पहिला प्रयोग झाला आणि मराठी संगीत रंगभूमीचे युग सुरू झाले. भरलेल्या नाट्यगृहात शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असा भरदार आवाज साथीला हवा होता. तो हार्मोनियमने आणि तिच्या मोठ्या बहिणीने, म्हणजे पायाने वाजविण्याच्या ऑर्गनने पुरविला. बालगंधर्वांचे गाणे आणि त्यामागील ऑर्गनचे गंभीर स्वर यांची जोडी रसिकांच्या मनात कायमची बसली. कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे यांनी तर पेटीला साथीच्या जागेवरून उठवून स्वतंत्र वादनाच्या आसनावर बसविले. 1911 साली रंगभूमीवर आलेल्या 'मानापमान' नाटकाच्या चालीही त्यांच्याच.

पेटीवरील आक्षेप

इतके गुण असूनही पेटीवर एक गंभीर आक्षेप होता. तो नीट समजून घ्या, कारण त्यात आपल्या संगीताचे मर्म आहे.

षड्जाची कंपनसंख्या 240 धरली तर वरचा षड्ज बरोबर दुप्पट, म्हणजे 480 होतो. तंबोऱ्याची षड्जाची तार शांतपणे छेडली असता तिच्यातून एक गांधार आपोआप उमटतो. त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. त्याचे षड्जाशी प्रमाण पाचास चार असे असते. म्हणजे षड्ज 240 असेल तर गांधार 300. पंचमाचे प्रमाण तिनास दोन. म्हणून पंचम 360. हे स्वर निसर्गानेच सांगितलेले आहेत.

पियानोच्या आणि पेटीच्या कर्त्यांपुढे मात्र वेगळीच अडचण होती. प्रत्येक गायकाचा गळा निराळा. एक 'काळी एक' मध्ये गातो, दुसरा 'पांढरी चार' मध्ये. कोणत्याही पट्टीला षड्ज मानून वाजविता यावे म्हणून त्यांनी सप्तकाच्या बारा पायऱ्या अगदी सारख्या केल्या. प्रत्येक पायरीवरील संख्येला सुमारे 1.0595 ने गुणले की पुढील पायरी मिळते आणि बारा वेळा गुणले की मूळ संख्या दुप्पट होते. हिशेब मोठा सुबक आहे. परंतु या हिशेबाने गांधार 300 ऐवजी 302 हून थोडा अधिक येतो आणि पंचम 360 च्या किंचित खाली राहतो. पंचमातील फरक कानाला जवळजवळ जाणवत नाही. गांधारातील फरक मात्र तंबोऱ्याशेजारी बसलेल्या जाणत्या कानाला खुपतो.

दुसरी उणीव याहूनही मोठी. आपला गायक एका स्वरावरून दुसऱ्यावर उडी मारीत नाही, तो घसरत जातो. या क्रियेला मींड म्हणतात. सारंगी आणि सतार मींड काढू शकतात. पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये मात्र काहीच नाही. पहिली पायरी सोडली की थेट दुसरी!

सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी या प्रश्नाचा शास्त्रीय पद्धतीने विचार केला. प्राचीन ग्रंथांत एका सप्तकात बावीस श्रुती सांगितल्या आहेत. प्रसिद्ध गायक अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्यातून निघणाऱ्या स्वरांच्या साहाय्याने देवलांनी श्रुतींचे मापन केले आणि 1910 साली त्यावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. क्लेमंट्स नावाच्या इंग्रज न्यायाधीशांच्या सहकार्याने श्रुतींची पेटीही तयार झाली. 1916 साली बडोद्यास भरलेल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत ती मांडण्यात आली. तेथे गुणीजनांचे तिच्याविषयी एकमत झाले नाही आणि ती प्रचारातही आली नाही. तरीसुद्धा स्वर हा तर्काचा नव्हे तर मोजमापाचाही विषय आहे, ही दृष्टी या प्रयत्नाने दिली.

नभोवाणीचे बंद दार

पेटीच्या विरोधकांत मोठमोठी माणसे होती. रवींद्रनाथ ठाकुरांनी शांतिनिकेतनातून तिला दूर ठेवले होते. आपल्या संगीताची नाजूक वळणे या वाद्यामुळे बोथट होतील, असे त्यांना वाटे. अखेर 1 मार्च 1940 पासून आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली. घरात, देवळात आणि रंगभूमीवर जिचे राज्य होते, तिला नभोवाणीच्या केंद्रात मात्र मज्जाव झाला. गायकांना तेथे सारंगी, व्हायोलिन अशा वाद्यांची साथ घ्यावी लागे. कितीएक कसबी पेटीवादकांचे वादन त्या काळात नभोवाणीवरून लोकांच्या कानी पडू शकले नाही. स्वातंत्र्य मिळाल्यावरही बंदी चालूच राहिली. 1971 साली ती प्रथम शिथिल झाली.

या काळात पेटीवादकांनी काय केले? त्यांनी वाद्य टाकून दिले नाही आणि आक्षेपांकडे कानाडोळाही केला नाही. जे वाद्यात नाही ते हातात आणण्याचा त्यांनी प्रयत्न केला. भात्याचा दाब क्षणाक्षणाला कमी-अधिक करून स्वराला फुगवावे किंवा विरवावे. मींड येते तेथे बोटे इतक्या हलकेपणाने सरकवावीत की पायऱ्यांचा भास उरू नये. जेथे पेटीचा स्वर गायकाच्या स्वराशी झगडेल तेथे बोट उचलून गप्प राहावे, अशी साथीची कला त्यांनी घडविली. काही वादक आपली पेटी एकाच षड्जाला धरून नैसर्गिक स्वरांत जुळवून घेऊ लागले. अशा पेटीत स्वर गोड लागतात. मात्र षड्ज बदलला की ती उपयोगी पडत नाही. गोविंदराव पटवर्धन, अप्पा जळगावकर आणि तुळशीदास बोरकर यांच्यासारख्या वादकांनी पेटीला मैफलीत प्रतिष्ठेचे स्थान मिळवून दिले. देवलांचा विचारही वाया गेला नाही. आपल्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी सिद्ध केली आहे. षड्ज आणि पंचम हे अचल स्वर सोडले तर उरलेल्या दहा स्वरांची प्रत्येकी दोन रूपे तिच्यात मिळतात. दहा दुणे वीस आणि दोन मिळून बावीस, असा हा हिशेब आहे.

गुण आणि मर्यादा

मुलांनो, पेटीचा गुण आणि पेटीचा दोष या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. तिचे स्वर ठरलेले आहेत, म्हणूनच ऊन-पावसात ती बेसूर होत नाही आणि नवशिक्या मुलालाही पट्टी दाबताच नेमका स्वर सापडतो. तिचे स्वर ठरलेले आहेत, म्हणूनच श्रुतींची सूक्ष्म वळणे तिच्यातून निसटतात. विरोधकांनी दाखविलेली उणीव खरी होती आणि लोकांनी पेटीवर केलेले प्रेमही खरे होते. बंदीने ही उणीव भरून निघाली नाही. ती भरून काढण्याचे काम कानस हाती धरणाऱ्या कारागिरांनी, मोजमाप करणाऱ्या अभ्यासकांनी आणि रात्रंदिवस रियाज करणाऱ्या वादकांनी केले.

कोणतेही साधन हाती आले म्हणजे त्याचे अंतरंग जाणून घ्यावे. ते काय करू शकते आणि काय करू शकत नाही, हे ज्याला ठाऊक असते, त्याच्याच हातात ते खऱ्या अर्थाने बोलू लागते. यापुढे पेटी ऐकाल तेव्हा नुसते बोटांकडे पाहू नका. भात्याच्या हालचालीकडे लक्ष द्या आणि गायक मींड घेत असता पेटीवाला काय करतो, हे कान देऊन ऐका.

स्वाध्याय

1. चौकोनी पियानो मागे का पडला? त्याची कारणे पाठाच्या आधारे लिहा.
2. पियानोपेक्षा पेटी आपल्या हवामानाला आणि आपल्या बैठकीला अधिक सोईची का ठरली?
3. आतल्या भात्याचे कार्य पाण्याच्या टाकीची उपमा देऊन स्पष्ट करा.
4. षड्जाची कंपनसंख्या 200 मानली, तर स्वयंभू गांधार, पंचम आणि वरचा षड्ज यांच्या कंपनसंख्या किती होतील?
5. 'पेटीचा गुण आणि पेटीचा दोष या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत.' या विधानाचा अर्थ आपल्या शब्दांत सांगा.
6. नभोवाणीने पेटीवर घातलेली बंदी योग्य होती काय? दोन्ही बाजूंनी विचार करून आपले मत दहा ओळींत लिहा.

उपक्रम : गावातील पेटीवादकाला भेटून त्यांच्या पेटीत किती पट्ट्या आहेत, सुरांच्या किती ओळी आहेत आणि पावसाळ्यात ते पेटीची काळजी कशी घेतात, याची माहिती मिळवा व वर्गात सांगा.